मूळ फोटो

स्क्रीनवर डाव्या हाताला फोल्डरांची रांग होती, आणि त्या रांगेत नेमक्या तिच्या पोरीच्या फोल्डरांवर प्रश्नचिन्हं येऊन बसली होती. बाकी सगळं धडधाकट. परक्यांची लग्नं, डोहाळजेवणं, वास्तुशांती, कुठल्याशा पुढाऱ्याचा वाढदिवससुद्धा जागच्या जागी. 'सृष्टी पहिला महिना', 'सृष्टी दुसरा महिना' असे खाली उतरत गेलेले फोल्डर तेवढे राखाडी पडलेले. त्यांच्यात टिकलीएवढे फोटो अजून दिसत होते, पण मोठा करायला गेलं की फोटो धुरकट व्हायचा आणि वर पाटी यायची, फोल्डर सापडत नाही.

अंकितानं पुन्हा क्लिक केलं. पुन्हा तीच पाटी.

"सापडत नाही म्हणजे? पाय फुटले त्याला?" ती स्क्रीनलाच म्हणाली.

शुक्रवार पेठेत त्यांचा फोटो स्टुडिओ. पुढे काउंटर, मागं ही अंधारी खोली, तिच्यातूनच वर जाणारा जिना आणि वर घर. काम नवरा-बायकोत वाटून घेतलेलं. शूटिंगला जायचं बिरुदेवनं. आलेले फोटो मशीनमध्ये उतरवायचे, फोल्डर लावायचे, त्यांना नावं द्यायची, अल्बमसाठी फोटो निवडायचे हे अंकितानं. शेवटचा हात पुन्हा बिरूचा, म्हणजे चेहरे उजळायचे, पुटकुळ्या पुसायच्या, फ्लॅशनं लाल आलेले डोळे काळे करायचे. बार्शीच्या कॉलेजातनं बी.एस्सी. होऊन आलेल्या अंकितानं फोटो सांभाळायचं ते सॉफ्टवेअर चटकन हाताखाली घेतलं होतं. तिच्या हातून आजवर एक फोटो इकडचा तिकडं झाला नव्हता. आणि आज संध्याकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांपुढं ठेवायचे, नेमके तेच फोटो गायब होते.

झालं होतं ते असं. गल्लीत एका पोराचा वाढदिवस होता. तिथं कुणीतरी मोबाईलवर फ्लॅश मारून फोटो काढला आणि लगेच ग्रुपवर टाकला. अंकिता उभी, कडेवर सृष्टी. पोरीचा उजवा डोळा लाल आलेला, फ्लॅशमध्ये कुणाचाही येतो तसा. डावा मात्र पांढरा. गाडीचा उजेड पडला की मांजराचा चमकतो, तसा. बायका हसल्या, "अगं, मांजर झालं की हिचं," म्हणाल्या. अंकिताला हसू आलं नाही. रात्रभर तिच्या डोळ्यांपुढून ते चमकणं हललं नाही.

बिरूनं फोटोकडं नीट बघितलंसुद्धा नाही. "फ्लॅशचा अँगल आहे. रोज बघतो मी."

"मग उजव्या डोळ्याला अँगल नसतो का?"

"फोटोग्राफर मी हाय का तू?"

पोरीच्या बाबतीत अंकिता अशीच, हे घरात ठरून गेलेलं होतं. पोरगी शिंकली की ही तापमापक काढते, दोन वेळा दूध ओकली की मोबाईलवर रोग शोधत बसते. तिला स्वतःलाही ते ठाऊक होतं आणि म्हणून ती बऱ्याचदा गप्प बसायची. या वेळी बसली नाही. काल बापलेकीला घेऊन ती डॉक्टरांकडं गेलीच. मॅडमनी डोळ्यांत थेंब घातले, बॅटरी धरली, आणि सृष्टीनं अंग ताठ करून असं भोकाड पसरलं की आतलं काही दिसेचना. बाहेरचे पेशंट डोकावून गेले. शेवटी मॅडम म्हणाल्या, नीट बघायचं तर भूल देऊन बघावं लागेल.

बिरूनं तिथंच मान हलवली. दिवाळीत पोरीला तापात झटका आलेला, त्यानंतर घरात तिच्या अंगाला सुई लावायची म्हटली तरी सगळ्यांचे चेहरे उतरायचे. त्यानं खिशातनं मोबाईल काढला. "मॅडम, हे बघा की. एवढे फोटो आहेत. एकात तरी पांढरं दिसतंय का?" तो बोटानं फोटो सरकवत गेला. पोरगी हसतेय, रांगतेय, पेढ्याला हात घालतेय, आणि प्रत्येक फोटोत दोन्ही डोळे काळेभोर. त्या घडीला अंकितालाही वाटलं होतं, आपलंच डोकं फिरलंय.

मॅडमनी चष्मा वर केला. "हे हात फिरवलेले फोटो आहेत ना?"

"थोडे उजळलेत."

"मला कॅमेऱ्यातून आलेले मूळ फोटो हवेत. एका मोबाईलच्या फोटोवर मी एवढ्या लेकराला भूल देणार नाही. पण तोच डोळा परत परत तसा दिसत असेल, तर थांबणारही नाही. उद्या संध्याकाळी घेऊन या. परवा सकाळी ऑपरेशन थिएटर आहे. नाहीतर मग पुढचा आठवडा."

मूळ फोटो अंकितानंच काढलेले. लग्नाच्या कामातनं बाद झालेला जुना कॅमेरा होता, त्याचा फ्लॅश डोक्यातनं टुणकन वर यायचा. तोच घेऊन ती पोरीच्या मागं फिरायची. महिन्याचा एक फोल्डर. तो फोल्डरांचा संसार आता प्रश्नचिन्हाखाली गेला होता.

तिनं बिरूला फोन लावला. तो मोहोळला एका लग्नाच्या शूटिंगला गेलेला.

"सृष्टीचे फोटो कुठायत?"

"असतील की तितंच."

"नाहीत. सगळ्यांवर प्रश्नचिन्हं आलीत."

पलीकडं बँड वाजत होता. "वरात दारात आलीय अंकिता, मागनं बोलू?"

"तुम्ही काही हलवलंय का?"

"मी कशाला हलवू? हार्ड डिस्क काढून परत घाल. होतंय कधी कधी तसं." आणि फोन बंद.

तिनं हार्ड डिस्क काढून परत घातली. मशीन बंद करून चालू केलं. डिलीट झालेल्या फायली जिथं जातात तिथं बघितलं, तिथंही काही नाही. मग अख्ख्या डिस्कवर 'सृष्टी' शोधायला लावलं. मशीननं बराच वेळ चक्र फिरवलं आणि सांगितलं, या नावाचं काहीही नाही. जणू त्या नावाचं लेकरू या घरात जन्मलंच नव्हतं.

"बाळाबाई उठली गं," वरून सासूबाईंनी हाक दिली.

अंकितानं ओ दिली नाही. त्या नावाला ती मुद्दामच ओ द्यायची नाही.

झटका आला त्यानंतरची गोष्ट. सासूबाई, चिमाबाई, गावाकडं देवऋषी बिरप्पाला विचारून आल्या. त्यानं सांगितलं, पोरीची वारलेली पणजी बाळाबाई, तिला आपलं नाव पोरीला लागायला पाहिजे, म्हणून ती लेकराला छळतेय. घराण्यात असं पूर्वीही झालेलं. मग बिरोबापुढं भंडारा उधळून पोरीचं नाव बदललं. अंकिता तेव्हा दवाखान्याच्या जागरणांनी इतकी थकलेली की भांडायचं त्राण नव्हतं. हाक मारायला काय, मारा, असं ती म्हणाली होती. जन्मदाखल्यावर सृष्टी होतं, तिच्या तोंडी सृष्टीच होतं, तेवढं तिला पुरेसं वाटलं होतं.

मोबाईल वाजला. तिला वाटलं बिरू असेल. निघाला एका नवरीचा भाऊ.

"वहिनी, ताईच्या अल्बमचं काय झालं? ताई येणारय रविवारी."

"कुठलं लग्न, दादा?"

"असं काय करता? सृष्टी आणि अभिमन्यू. बार्शी रोडच्या कार्यालयातलं."

तिनं रांगेत खाली जाऊन बघितलं. 'सृष्टी वेड्स अभिमन्यू'. राखाडी. प्रश्नचिन्ह.

"बघून सांगते," ती म्हणाली आणि फोन ठेवला. हार्ड डिस्क खराब झाली असती तर तिनं अशी नावं बघून फायली खाल्ल्या नसत्या.

तिनं सॉफ्टवेअर बाजूला सारलं आणि डिस्क सरळ उघडली. नावानं नको, तारखेनं बघू. लग्नसराईतले फोल्डर एकेक करून उतरत गेली आणि एका ठिकाणी थांबली. तिथं लिहिलं होतं, 'बाळाबाई वेड्स अभिमन्यू'.

ती नवरी अंकिताला चांगली आठवत होती. इंजिनीयर पोरगी, काळा गॉगल लावून नाचत मंडपात आलेली. तिला कुणीतरी बाळाबाई करून टाकलं होतं. त्याच्या खाली, त्याच पद्धतीनं, ओळीनं, 'बाळाबाई पहिला महिना', 'बाळाबाई दुसरा महिना'. कुणीतरी डिस्कवरचं प्रत्येक 'सृष्टी' एका झटक्यात पालटलं होतं, आणि सॉफ्टवेअर बिचारं जुन्या पत्त्यावर दार वाजवत बसलं होतं.

मग तिला चार दिवसांपूर्वीच्या अमावस्येची सकाळ आठवली. कीबोर्डवर भंडारा सांडलेला. पूजेचा उडाला असेल म्हणून तिनं फडक्यानं पुसून टाकला होता. बटणांच्या फटीत अजून पिवळं दिसत होतं.

ती जिना चढून वर गेली. चिमाबाई पोरीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"आत्या, खाली कॉम्प्युटरवर भंडारा कुणी टाकला होता?"

"म्या. का गं?"

"कशाला?"

"नाव बदाललं की जुनं नाव घरात ठिवायचं नसतंय. पाळन्यावरचं काढलं, चांदीच्या वाटीवरचं सोनाराकडनं घासून आनलं. बिरप्पा म्हनला, आनि कुटं कुटं हाय ते हुडका. त्या डब्यात लई ठिकानी हाय म्हनून बिरूला म्होरं बसवला. माज्यादेखत केलं त्यानं. एका दमात समदं पालटलं."

"आणि मला सांगायचं नाही?"

"तुला इचारलं असतं तर तू करू दिलं असतंस व्हय?"

"नसतं दिलं."

"मग," चिमाबाई म्हणाल्या आणि पोरीच्या अंगावरची दुपटी नीट केली. त्यांच्या लेखी प्रश्न तिथं संपला होता.

सृष्टीनं तिच्याकडं बघून हात पसरले. अंकितानं तिचा चेहरा उजेडाकडं वळवला, डावा डोळा बघितला. नुसत्या उजेडात तो डोळा उजव्यासारखाच दिसत होता, काळा, ओला, हसरा. हेच तर संकट होतं. नुसत्या डोळ्यांनी बघणाऱ्या सगळ्यांना तो ठणठणीत दिसत होता.

"घ्या अजून थोडा वेळ. मी खाली आहे."

"भूल न्हाय द्याची हां," मागून चिमाबाईंचा आवाज आला. "आदीच सांगते. झटका आल्यालं लेकरू हाय. निजलं आनि उटलंच न्हाय, तर डागदरीन उटवून देनार हाय का?"

खाली येऊन तिनं कामाला हात घातला. सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या राखाडी फोल्डरवर उजवं बटण दाबलं, 'हरवलेला फोल्डर शोधा' निवडलं, आणि बोट धरून दाखवावं तसं त्याला 'बाळाबाई पहिला महिना' दाखवलं. प्रश्नचिन्ह गेलं. फोटो भरून आले. मग दुसरा, मग तिसरा. मोठा फोल्डर एकदा दाखवून भागलं नसतं, आतली नावंच बदललेली. प्रत्येकाला स्वतंत्र हात धरून आणावं लागत होतं. बिरू स्वतः तिला पहिल्या दिवशी काय म्हणाला होता? फोल्डरचं नाव बदलायचं तर सॉफ्टवेअरच्या आतून बदल, बाहेरून हात लावलास तर तुझी खैर नाही. दुसऱ्याला शिकवलेलं शहाणपण आईपुढं बसल्यावर कुठं गेलं होतं?

सगळे फोल्डर जागेवर आले तशी ती बघायला लागली. पहिला महिना. डोळे काळे. तिसरा. काळे. उष्टावणाचे फोटो. काळे. एकाही फोटोत काही वेगळं नव्हतं. तिच्या खांद्यांवरचं ओझं क्षणभर उतरलं. झालं, आपलंच चुकलं, बरं झालं चुकलं, असं म्हणत तिनं डोळे पुसले.

आणि मग तिचा हात थबकला. तिच्या त्या जुन्या कॅमेऱ्यानं आजवर एक डोळा काळा काढलेला नव्हता. समोरून फ्लॅश मारणारा कॅमेरा, त्यात सगळ्यांचे डोळे भुतासारखे लाल येत. म्हणूनच तर बिरू म्हणायचा, तुझ्या फोटोंना मी हात फिरवतो, मगच नातेवाइकांना पाठव. पोरीचे फोटो ती टिकलीएवढेच बघून फोल्डरात लावायची, मोठे करून बघायचा तोच.

या सॉफ्टवेअरचा एक गुण होता. ते खालचा मूळ फोटो कधी बिघडवत नसे. वर काय काय केलं, कोणत्या क्रमानं केलं, हे बाजूला एकाखाली एक दिसे, आणि एका टिचकीत सगळं उतरवून मूळ फोटो बघता येई.

तिनं पहिल्या महिन्याचा फोटो मुळावर नेला. दोन्ही डोळे लाल. दुसरा महिना, दोन्ही लाल. उष्टावणाचा फोटो घेतला. चांदीची वाटी, खिरीनं माखलेली हनुवटी. टिचकी मारली.

उजवा लाल. डावा पांढरा.

तिनं खुर्चीच्या हाताला घट्ट धरलं आणि पुढचा फोटो घेतला. पांढरा. पुढच्यात पोरगी दुसरीकडं बघत होती, तिथं दोन्ही लाल. त्याच्या पुढच्यात पुन्हा पांढरा. मामाच्या खांद्यावर, पांढरा. मोहोळच्या मळ्यात कोकराला धरून बसलेली, पांढरा. कधी मंद, कधी काचेच्या गोटीसारखा लख्ख, पण प्रत्येक वेळी डावा.

रडू यायला हवं होतं, पण तिला राग आला. असा की दातांचा आवाज तिलाच ऐकू आला. तिची नजर बाजूच्या नोंदींवर गेली होती. उजव्या डोळ्यापुढं 'लाल डोळा काढा' अशी नोंद होती. ती एका टिचकीची गोष्ट. त्या सोयीला लाल रंग सापडतो आणि ती तो काळा करते, करणाऱ्याला बघायचीही गरज नसते. पण पांढऱ्या डोळ्यावर ती सोय चालत नाही. तिला तिथं काही सापडतच नाही. डाव्या डोळ्यापुढं नोंद होती ब्रशची. म्हणजे फोटो मोठा करावा लागतो, बाहुली स्क्रीनभर होईल एवढा. ब्रश लहान करावा लागतो. कड सांभाळत, हातानं, गोल गोल काळं भरावं लागतं. शेवटी त्यात एक बारीक पांढरा ठिपका ठेवावा लागतो, डोळा जिवंत वाटावा म्हणून. तो ठिपकासुद्धा होता. प्रत्येक फोटोत होता.

तिनं पेन ड्राइव्ह लावला आणि मूळ फोटो एकेक करून त्यात उतरवायला घेतले.

ऊन उतरायच्या सुमाराला बिरू आला. खांद्यावर दोन बॅगा, कपाळाला लग्नघरचा टिळा. तिला बघूनच तो बोलायला लागला. "आईनं लावलं ते. मी नंतर आतून नीट करणार होतो. तुला राग येणार म्हणून—"

"नावाचं बोलत नाहीये मी. बसा."

"अगं, बॅगा तरी—"

"बॅगा ठेवा आणि बसा."

तो बसला. तिनं उष्टावणाचा फोटो उघडला. आधी त्याचा, मग मूळ. आधी त्याचा, मग मूळ. काळा, पांढरा, काळा, पांढरा.

"रोज शेकडो डोळे काळे करतो मी," बिरू म्हणाला. "हात आपोआप जातो, अंकिता. बघत पण नाही कुणाचा आहे."

"लाल असता तर मानलं असतं. हा पांढरा आहे. ब्रश घेतलात तुम्ही. बाहुली स्क्रीनभर करून काळं भरलंत. एवढ्या जवळून मीसुद्धा नाही बघितला तिचा डोळा."

त्यानं हात पुढं करून फोटो लहान केला.

"बोला की. फोटोग्राफर तुम्ही आहात ना?"

"फोटो वाईट दिसत होता."

"फोटो."

"पहिल्यांदा खरंच वाटलं फ्लॅशचं आहे." बिरूचं शहरातलं बोलणं गळून पडायला लागलं होतं. "दुसऱ्यांदा बी वाटलं. मग एकदा वाटलं, सारखा डावाच कसा येतोय. लई भ्या वाटलं. मग काळा केला. काळा केला की बरा दिसायचा. मग मला बी खरं वाटायचं."

"आणि काल? मॅडमच्या टेबलावर मोबाईल ठेवलात. एकात तरी दिसतंय का म्हणालात. मी शेजारी बसलेले. मला त्या वेळी वाटलं मीच वेडी आहे. तुम्हाला माहीत होतं की मी नाहीये."

तिला वाटलं, हा आता रडेल, आणि रडला तर याला समजवायचं कामही माझ्याच गळ्यात पडेल. म्हणून ती उठली. "रडायचं असेल तर इथंच बसा. मी तिला घेऊन निघालेय."

जिन्यात चिमाबाई उभ्या होत्या, कडेवर पोरगी. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. "भूल न्हाय म्हनलं ना म्या," त्या म्हणाल्या.

अंकितानं पोरीला त्यांच्याकडून घेतलं आणि स्क्रीनकडं बोट दाखवलं. "बघा."

चिमाबाई दोन पायऱ्या उतरल्या. बघत राहिल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. "ही बाळाबाई?"

"हो."

"ह्यो नाव बदलायच्या आदीचा का मागला?"

"आधीचा आहे. आणि हा नंतरचा." अंकितानं पुढचा फोटो लावला. तिथंही तोच डोळा तसाच चमकत होता. "नावानं काही झालं नाही, आत्या. आता मला भांडायला लावू नका. वेळ नाही."

चिमाबाई पायरीवर बसल्या. अंकिता चपला घालायला लागली तेव्हा मागून म्हणाल्या, "थंड वारं हाय. टोपडं घाल तिला." आणि मग, "थांब. म्या बी येते."

बिरूही मागोमाग आला. दवाखान्यात मॅडमनी पेन ड्राइव्हमधले फोटो बघायला घेतले. काही फोटोंवर मागं गेल्या. "कुणी काढलेत?"

"मी."

"आणि काल बघितलेले?"

"माझे," बिरू म्हणाला. "म्हणजे, हात फिरवलेले."

मॅडमनी त्याच्याकडं बघितलं. तसा बिरू खुर्चीतनं उठून भिंतीला लागून उभा राहिला. "उद्या सकाळी उपाशीपोटी आणा," त्या अंकिताला म्हणाल्या. "झटक्याचं मी भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगते. ते बघून, जपून देतील. घाबरू नका असं मी म्हणणार नाही. पण वेळेत आणलंय."

दुसऱ्या दिवशी थिएटरच्या दाराबाहेर तिघं तीन बाकांवर बसली. एक बाक पुरला असता. चिमाबाईंनी पदराच्या गाठीतला भंडारा काढून मुठीत धरला होता. बिरूनं चहा आणला, तो तिनं घेतला नाही. त्यानं तो तिच्या बाकाच्या कडेला ठेवला. थंड होईपर्यंत तो तसाच राहिला.

मॅडम बाहेर आल्या तेव्हा टोपी अजून डोक्यावर होती. डाव्या डोळ्याच्या आत, मागच्या पडद्यावर गाठ आहे, त्यांनी सांगितलं. डोळ्याबाहेर गेलेली दिसत नाही. उजवा स्वच्छ आहे. हैदराबादला याच्या उपचाराची सगळी सोय आहे, मी बोललेय, आज रात्रीच्या गाडीनं निघा. जीव वाचेल असं मी आज म्हणू शकते. नजर किती राहील ते तिथले डॉक्टर सांगतील.

"आणि हे झाल्यावरही," त्या म्हणाल्या, "उजव्यावर लक्ष ठेवायचं. तपासण्या ठरल्याप्रमाणे होतीलच. घरी मधे मधे फ्लॅशचे फोटो काढत चला. लाल यायला हवा, पांढरा दिसला तर लगेच या. या मुलीची आई बघत होती म्हणून आपण इथं आहोत."

अंकिताला त्या कौतुकाचा आनंद झाला नाही. तिला फक्त आत जाऊन पोरीला बघायचं होतं.

घरी येऊन सामान भरताना बिरू मागच्या खोलीतनं तो जुना कॅमेरा घेऊन वर आला. पोरगी चिमाबाईंच्या मांडीवर अर्धवट गुंगीत, चिडचिडी, बिस्किटाचा चुरा करत बसली होती. तो गुडघ्यावर बसला. फ्लॅश वर केला. फोटो हलला. दुसरा काढला. मागच्या छोट्या स्क्रीनवर बघायला त्यानं कॅमेरा वळवला.

अंकितानं तो त्याच्या हातातनं काढून घेतला. आधी तिनं बघितलं. उजवा डोळा मोठा केला, आणखी मोठा केला, कड धूसर होईपर्यंत मोठा केला.

"लाल आहे," ती म्हणाली.

"लाल हाय ना?" बिरूनं विचारलं. आयुष्यभर लाल पुसत आलेल्या माणसाला तो शब्द आता तिच्या तोंडून पुन्हा ऐकायचा होता. "बघू."

तिनं कॅमेरा दिला नाही. कार्ड बाहेर काढून तिनं स्वतःच्या पर्समध्ये टाकलं आणि चेन ओढली.

"हे फोटो यापुढं माझ्याकडं राहतील. तुम्ही काढायचे. हात लावायचा नाही."

"बरं."

"बरं नाही. नीट सांगा."

"न्हाय लावणार."

तिचा राग गेला नव्हता. तो जाईल की नाही हे तिलाही सांगता आलं नसतं, आणि आज ते बघायला वेळही नव्हता. तिनं पोरीचं टोपडं घड्या घालून वरच्या कप्प्यात ठेवलं आणि बॅग त्याच्याकडं सरकवली.

"उचला. रिक्षा बघा."